वरीलप्रमाणे

माणसाचं मन अथांग असतं, असं सगळे थोर लोक सांगत आले आहेत. मी ते मोजून घेतलेलं आहे. ते अडीचशे अक्षरांचं असतं. त्यापुढे आमच्या केंद्राचं यंत्र काही टाइप करू देत नसे.

"काका, ह्या एकसष्ट नंबरच्या सगळ्या नोंदी अर्ध्यावर तुटतात," ऋजुता लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाली. "हिचा शेवट बघा. 'मांजर पिल्लांना घेऊन माळ्यावर गेली आहे आणि वरून असा आवाज येतो की जणू' – संपलं. जणू काय?"

"जागा संपली असेल," मी म्हणालो.

समोरच्या टेबलावर हसीनाबाईंनी हेडफोनची एक वाटी कानावरून सरकवून माझ्याकडे पाहिलं आणि वाटी परत कानावर ओढली.

ही साताऱ्यातली गोष्ट आहे आणि तिला आता बरीच वर्षं झाली. जळालेल्या विजेच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या एका दुकानाच्या वर आमचं विचारपूस केंद्र होतं. गावात आणि आसपास जी म्हातारी माणसं एकटी राहतात, त्यांना रोज संध्याकाळी फोन करायचा, 'कसे आहात' एवढं विचारायचं आणि जे उत्तर येईल ते कॉम्प्युटरवर 'शेरा' नावाच्या रकान्यात लिहायचं, असं त्याचं काम. फोन करायला हसीना मुलाणी. हिशेब आणि काळजी करायला खटावकर बाई, ज्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या पण ते त्यांना कुणी कळवलेलं नव्हतं. पैसे एक पंप बनवणारी कंपनी देत असे.

त्या कंपनीला अहवाल हवा होता. नुसता अहवाल नाही, पडद्यावर रंगीत खांब उभे राहतात तसला. त्यासाठी त्यांनी पुण्याहून ऋजुता देवलला पाठवलं होतं. ऋजुता तिशीची, शहाणी, कुणाचंही मन न दुखवणारी मुलगी होती. म्हणूनच तिला नाही म्हणणं फार अवघड जात असे.

मी तिथे कशाला होतो? तर शेरे वाचायला. मी जन्मभर एका छापखान्यात मुद्रितं तपासली. छापखाना मिटला तेव्हा लाल पेन्सिलींचा अर्धा डबा माझ्याकडे उरला होता. खटावकर बाई म्हणाल्या, "दिघे, तुम्ही नाहीतरी मोकळेच आहात. आमचे शेरे जरा नजरेखालून घाला. मुलीला मदत होईल." मी कागदावर छापून घेतले आणि बसलो. आठवडाभरानंतर मी जानेवारी संपवून फेब्रुवारीत शिरलो होतो. ऱ्हस्वदीर्घ सगळं चोख केलं होतं.

ऋजुताने आल्या दिवशीच माझा गठ्ठा पाहिला.

"काका, तुम्ही हे वाचताय?"

"मग काय करायचं असतं?"

"एवढा मजकूर वाचायचा नसतो. त्याचं प्रोफाइल काढायचं असतं." मग तिनं मला खुर्ची ओढायला लावली. "हा शेऱ्याचा रकाना. ह्याच्या डोक्यावर ही पट्टी आली. ह्यात रिकामे किती, वेगवेगळे किती, एकदाच आलेले किती. सगळ्यात लहान शेरा किती अक्षरांचा, सगळ्यात मोठा किती. कुठला किती वेळा आलाय. बास. वाचायला बसलं की माणूस गुंतत जातो."

"बरोबर आहे," मी म्हणालो. माझं सगळं आयुष्य त्यातच गेलं होतं.

"आणि हे खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय बघा. 'पहिल्या हजार ओळींवरून.' लोक हे बघतच नाहीत. हजार ओळी चाखतात आणि सगळ्या पातेल्याचा निकाल देतात. आपण सगळं बघायचं." तिनं कुठेतरी दाबलं, पट्टी हलली, आणि चहा येण्याच्या आत सबंध वर्ष मोजून झालं. मी माझी लाल पेन्सिल खिशात ठेवली.

"आता," ऋजुता म्हणाली, "हे कोण? सगळ्यात जास्त वेळा हेच आलेत."

मी चष्मा पुढे ओढला. सगळ्या शेऱ्यांच्या वर, इतरांना कितीतरी मागे टाकून, एक भलामोठा निळा खांब उभा होता. त्याच्याखाली लिहिलं होतं: वरीलप्रमाणे.

"हसीनाताई, हे 'वरीलप्रमाणे' म्हणजे काय?"

"वरीलप्रमाणे म्हणजे वरच्यासारखं," हसीनाबाई म्हणाल्या.

"ते कळलं. कशाच्या वर?"

"अगं, आधी रजिस्टर होतं. माणशी एक पान. काल कणसे जे म्हणाले तेच आज म्हणाले, तर काय परत परत लिहायचं? वरीलप्रमाणे. मग कॉम्प्युटर आला. हात तोच राहिला की."

"पण कॉम्प्युटरमध्ये माणशी पान नाही, ताई. तुम्ही फोन कराल त्या ओळीने नोंदी पडतात. साठ नंबर, मग एकसष्ट, मग बासष्ट. बासष्टच्या वर एकसष्ट आहे."

"असू दे. आहेत बिचारे."

ऋजुतानं कपाळावर हात ठेवला, पण हसली. मग तिनं नावं न दिसता नुसत्या नंबरांवरून माणसं ओळीने लावली. नावं तिला बघायची नव्हती. कंपनीचा तसा दंडकच होता, आणि तिला तो पटलाही होता.

"नियम असा ठरलाय," तिनं आम्हाला सांगितलं. "ज्यांच्या शेऱ्यांत काही बदल होतो, म्हणजे तब्येत, घर, मन, त्यांना रोज फोन. ज्यांचं रोज तेच, त्यांना आठवड्यातून एकदा. जे फोन वाचतील त्यातून नवीन माणसं घ्यायची. तुमच्याकडे थांबलेली यादी केवढी आहे."

यात वाईट काय आहे, असं तुम्ही विचाराल. काहीच नाही. मलाही सापडलं नव्हतं.

"त्या हिशेबानं हा एकसष्ट नंबर बघा काका. एकही शेरा दुसऱ्यांदा आलेला नाही. शंभर टक्के वेगळे. एक पहिला सोडला तर सगळे पुरे अडीचशे अक्षरांचे. 'शेजारच्या पोपटानं आज मला आडनावानिशी हाक मारली.' 'चोर आला होता, डाव्या पायाची चप्पल तेवढी नेली.' काय आयुष्य आहे ह्या माणसाचं!"

"गडबडीचं दिसतंय," मी म्हणालो.

हसीनाबाईंना खोकला आला.

"आणि ह्याच्या खालचा बासष्ट." ऋजुताचा आवाज जरा उतरला. "सबंध वर्ष. पहिल्या दिवसापासून. वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे. हा आठवड्यातून एकदा."

हसीनाबाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"कणसे?"

"नाव सांगू नका ना, ताई."

"नाव नाही सांगत. कणसेच ते. एसटीत ड्रायव्हर होते. कोरेगावच्या रस्त्याला घर आहे. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलतात. म्हणजे माणूस फोनजवळ बसलेला असतो, हे तुमच्या त्या पट्टीत कुठं दिसतंय का? आठवड्यातून एकदा केला तर बाकीचे सहा दिवस तो तसाच बसून राहील."

"पण बोलतात काय ते?"

"मी विचारते, कसे आहात. ते म्हणतात, हाय."

"हाय म्हणजे?"

"हाय म्हणजे आहे. पुढं काही नाही. मीच इकडचं तिकडचं बोलते, मग फोन ठेवते. पहिल्यांदा तसंच लिहिलं होतं, 'आहे'. तर खटावकर बाई म्हणाल्या, आहे काय आहे? वाक्य पुरं करा. तेव्हापासून वरीलप्रमाणे."

"ते पहिलं 'आहे' कुठंय?"

"रजिस्टरात. रजिस्टर रद्दीत."

ऋजुता विचारात पडली. ती खरोखर चांगली मुलगी होती. मी म्हणालो, "ऋजुता, एक सांगू का? 'वरीलप्रमाणे' हा मजकूरच नाही. ते नुसतं बोट दाखवणं आहे. तुम्ही बोटं मोजताय. ज्याच्याकडे बोट दाखवलंय ते बघायला हवं."

"हे पटलं," ती म्हणाली. "मग वरचं खाली ओढून घेऊ. सोय आहे तशी." तिनं प्रत्येक माणसाच्या नोंदी एकत्र लावल्या आणि 'वरीलप्रमाणे' पुसून वरची नोंद त्या रिकाम्या जागांत ओढली. बहुतेकांचं भरून आलं. गुडघे, सुना, पाणी न येणं, सगळं आपापल्या जागी सरकत गेलं. बासष्टपाशी येऊन थांबलं.

"ह्यांच्या वर काहीच नाही," ऋजुता म्हणाली. "आता तर वर्षभर कोरं दिसतंय. कोरी माणसं यंत्र पूर्णच गाळून टाकतं."

खाली दुकानात कुणीतरी मोटर चालू करून बघितली आणि बंद केली. हसीनाबाई माझ्याकडे बघत होत्या. मी ऋजुताकडे. मग माझ्या तोंडून असं निघालं:

"तुम्ही उगीच माणशी लावलंत. वरील म्हणजे वरील. रोजच्या ओळीनं बघा. बासष्टच्या वर जे आहे ते."

"काका, पण वर एकसष्ट आहे."

"हसीनाबाईंनी विचार करूनच लिहिलं असणार. काय हो?"

"मी काय बोलू?" हसीनाबाई म्हणाल्या. "मी आपली फोन करते."

ऋजुताला पावणेसहाची गाडी पकडायची होती. घाईतल्या माणसाला शब्दशः अर्थ फार लवकर पटतो. तिनं नोंदी पुन्हा तारखेनं लावल्या, खाली ओढल्या, आणि बासष्ट नंबरच्या कोऱ्या वर्षात एका क्षणात मांजर आली, पोपट आला, चोर आला. कणसे शंभर टक्के वेगळे झाले. मला सांगायला हरकत नाही, इतकं चांगलं काम मी छापखान्यात कधी केलं नव्हतं.

ते समाधान एक मिनिटभर टिकलं.

"अरे," ऋजुता म्हणाली. "आता हा लाल दिवा दाखवतोय. एकसष्ट आणि बासष्ट, रोजचा शेरा शब्दाला शब्द सारखा. सबंध वर्ष." तिनं खुर्ची मागे घेतली. "म्हणजे हे दोन नाहीतच काका. एकच माणूस चुकून दोनदा नोंदला गेलाय. आता कळलं ताई 'वरीलप्रमाणे' का लिहीत होत्या. तोच माणूस म्हणून."

"तोच कसा असेल?" हसीनाबाई म्हणाल्या. "एक तो हा आणि एक तो तो."

"ताई, दोन माणसांच्या घरी एकाच दिवशी एकच चप्पल चोरीला जाते का?"

हसीनाबाईंनी टेबलाखाली माझ्या पायांतल्या दोन्ही चपलांकडे पाहिलं.

"एक काढावा लागेल," ऋजुता म्हणाली. "दुबार नाव राहिलं तर कंपनी सगळाच अहवाल परत पाठवेल. आणि दुबार नाव काढलं की ते यादीतून जातं. फोन बंद. एरवी यंत्र खालचा काढतं, वरचा मूळ धरतं." तिचं बोट कळीवर होतं. "खालचा काढते."

"वरचा काढा," मी म्हणालो.

"पण वरचा मूळ आहे ना?"

"मूळच काढा. त्याच्या घरी माणसांची, जनावरांची काही कमी नाही, तुम्हीच वाचलंत. खालचा गरीब आहे. राहू दे त्याला."

"पण माणूस एकच आहे ना काका? मग काय फरक पडतो?"

"काहीच नाही," मी म्हणालो. "म्हणूनच म्हणतो, वरचा."

ऋजुतानं वरचा काढला. मग एक गोष्ट तिनं जाता जाता केली, ती सांगून ठेवतो. हसीनाबाईंच्या पडद्यावर आता प्रत्येक नंबरसमोर मागच्या वेळचा शेरा दिसेल, अशी सोय तिनं करून दिली. "म्हणजे कालचा धागा पकडून पुढचं विचारता येईल. माणसाला बरं वाटतं, कुणी लक्षात ठेवलं की." एवढं सांगून ती जिना उतरली. अहवाल पुढे मंजूर झाला. त्यातले खांब फार सुंदर होते असं ऐकलं.

मी रोज साडेपाचला घरी जायला उठत असे. त्या दिवशी उठलो नाही. गठ्ठ्याला दोरी बांधली, सोडली, परत बांधली.

"घरी नाही जायचं?" हसीनाबाईंनी विचारलं. "सहाला तुमचा फ–" आणि त्या थांबल्या.

"आज थोडं काम आहे."

"कसलं काम? मांजर उपाशी राहील की."

"हसीनाबाई, मला मांजर चालत नाही. शिंका येतात."

"ते काय मला माहीत नाही होय?" त्या पाण्याची बाटली उघडत म्हणाल्या. "वर्ष झालं मी रोज तुम्हाला फोन करतेय. तुमच्या घरातून घड्याळाशिवाय कशाचा आवाज ऐकू आला नाही कधी."

मी दोरी पुन्हा सोडली. बोलण्यासारखं जे काही होतं ते वर्षभर रोज संध्याकाळी बोलून झालं होतं. बायको गेल्यावर खटावकर बाईंनी माझं नाव यादीत घातलं तेव्हा पहिल्या दिवशी मला हसीनाबाईंनी विचारलं होतं, कसे आहात, आणि मी म्हणालो होतो, बरा आहे. फोन लगेच संपला. दुसऱ्या दिवशी मी फोनवर पोपट आणला. मला ह्या केंद्रात शेरे वाचायला बोलावलं तेही त्यामुळंच. माझ्या गोष्टींपायी लाइन अडकून राहते आणि पुढच्या लोकांना उशीर होतो, तेव्हा माणूस दिवसा इथेच आणून बसवावा, असा बाईंचा विचार होता. तरी हसीनाबाई संध्याकाळी घरी फोन करायच्याच. ऑफिसातलं बोलणं ते बोलणं, फोन तो फोन, असं त्यांचं म्हणणं.

"माझा घसा बसलाय," हसीनाबाई म्हणाल्या. तो अजिबात बसलेला नव्हता. "एक नंबर तुम्हीच लावा. घ्या."

त्यांनी हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला आणि बासष्ट लावला. पहिली रिंग पुरी झाली नाही.

"हॅलो. कणसे का? मी केंद्रातून दिघे बोलतोय. कसे आहात?"

"हाय," पलीकडून आलं. मग थोड्या वेळानं, "त्या बाई कुटं गेल्या?"

"इथेच आहेत. त्यांचा घसा बसलाय."

"बरं."

आणि संपलं. असली शांतता मला घरात ओळखीची होती, पण ती फोनवर ऐकायला फार लांब वाटते. माझ्यासमोर पडदा होता. पडद्यावर बासष्ट नंबरसमोर मागच्या वेळचा शेरा होता. शपथेवर सांगतो, मला दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी तो वाचला.

"तुमची मांजर कशी आहे?"

"कुनाची?"

"तुमची. पिल्लांना घेऊन माळ्यावर गेली आहे ना?"

"मी म्हनलो?"

"इथे लिहिलंय."

हसीनाबाई डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होत्या. मी हेडफोन काढायच्या बेतात होतो.

"लिवलंय तर आसंल," कणसे म्हणाले. तीस वर्षं सरकारी वेळापत्रकाप्रमाणे गाडी चालवलेला माणूस होता तो. कागदाशी भांडून गाडी पुढे जात नाही, हे त्याला ठाऊक होतं.

"पिल्लं बरी आहेत ना?"

"हायत."

"वरून आवाज येतो म्हणे."

"येतो की."

"कसा येतो? जणू..." इथे शेरा तुटला होता. पुढे मी काय सांगितलं होतं ते आता मलाही आठवेना.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. माणूस नीट बसला असावा.

"जनू," कणसे म्हणाले, "भरल्याली गाडी खंबाटकीचा घाट चढाया लागलीया. पयला गिअर. आन् मागनं कोन तरी म्हनतंय, दमानं, दमानं."

मी ते लिहून घेतलं. अडीचशे अक्षरांत बसलं.

त्यानंतर बासष्ट नंबर रोज मीच लावू लागलो. हसीनाबाईंचा घसा त्या एका नंबरापुरता कायमचा बसला. मी कालचा शेरा वाचायचो आणि विचारायचो. पिल्लांनी डोळे उघडले का. उघडले. किती आहेत. चार, आन् एक जरा नरम हाय. त्याला काय देता. पलीकडून मलाच उलटं विचारणं यायचं, काय द्यावं? मी शेजारच्या जनावरांच्या दवाखान्यात जाऊन विचारून आलो. तिथल्या बाई म्हणाल्या, पिल्लू किती दिवसांचं? मी म्हणालो, विचारून सांगतो. घरी येताना शिंका आल्या. मी न पाळलेल्या मांजराची पिल्लं एका न पाहिलेल्या माणसाच्या असेल-नसेल त्या माळ्यावर दिवसेंदिवस मोठी होत होती, आणि संध्याकाळी सहाला घरी पोचायची मला घाई वाटेनाशी झाली होती.

पण मी मुद्रितं तपासणारा माणूस. चूक दिसली की हात शिवशिवतो. एक दिवस वाटलं, हे बरोबर नाही. कणसे साधे, कागदावर विश्वास ठेवणारे. उद्या कुणी त्यांच्या घरी गेलं, माळा बघितला, तर त्यांना खोटं ठरवेल. खरं सांगून टाकावं. फार तर ते पुन्हा 'हाय' वर येतील. हसीनाबाईंना मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सांगा. पण त्यांचं ऐकून घेऊन सांगा."

मी नंबर लावला. आज पहिल्यांदाच दोन रिंगा झाल्या, तीन झाल्या, चार झाल्या. मी हेडफोन कानावर दाबून धरला. पाचवीला फोन उचलला गेला.

"कणसे, कुठे होता?"

"हाय की हितंच. काम असतंय मानसाला."

"कणसे, तुम्हाला एक सांगायचंय. नीट ऐका. ती मांजर, म्हणजे ते जे पहिल्या दिवशी लिहिलेलं होतं ते, ते तुमचं नव्हतं. मी..."

"थांबा वो दिघे," कणसे म्हणाले. "नंतर काय ते सांगा. आत्ता ठिवा फोन. दूध उघडं ऱ्हायलंय, आन् ती वट्यावर चढलीया."